हिराजीभावजींची गार खोली

हिराजीभावजी कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावायचे. तळहात नाही, हाताची मागची बाजू. लग्नघर असो, बाळंतिणीचं घर असो, कुणी गेलेलं असो. चहा यायच्या आधी त्यांचा उलटा हात भिंतीवर टेकलेला असायचा. जरा वेळ थांबून ते सांगायचे, "तापलीय." नाहीतर, "बरी हाय." माझे मालक वारले तेव्हा भेटायला आले, तर आधी आमच्या ओट्याच्या भिंतीला हात लावला आणि मग मला म्हणाले, "वयनी, ही मातीची भित पाडू नका हां. कुनी काय पन सांगू दे."

मी म्हटलं, "भावजी, मानूस गेलाय. भित हाय तिथंच हाय."

ते ओशाळले आणि खाली बसले. पण निघताना परत एकदा हात लावून गेले.

तळहात का नाही लावत, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "तळहात राबून मेलेला असतो, वयनी. काय पन सांगतो. मागची कातडी खोटं बोलत नाय."

त्यांची नोकरी साजगावच्या बाजूला एका कारखान्यात होती. तीस वर्षं. काम लॅगिंगचं. लॅगिंग म्हणजे काय ते आम्हा बायकांना त्यांनीच समजावलं. कारखान्यात वाफेचे मोठमोठे पाइप असतात. ते उघडे ठेवले तर वाफ वाटेतच निवते. म्हणून त्यांच्याभोवती काचेचा कापूस गुंडाळायचा, तारेनं आवळायचा, वरून पातळ पत्र्याचा अंगरखा चढवायचा. "आमी पायपांचं शिंपी," असं ते सांगायचे. आणि गाडी रंगात आली की पुढचं ठरलेलं वाक्य, "उष्णता चोरासारखी असते. दारातनं येत नाय, फटीतनं येते. एक फट ठेवली तर सगळं लॅगिंग फुकट."

घरी यायचे ते हात खाजवत. त्या कापसाचं बारीक कूस काट्यासारखं कातडीत शिरतं. त्यांची बायको चांगुणा त्यांचे कपडे वेगळे धुवायची आणि ओट्यावर बसवून हाताला खोबरेल चोळायची. चोळता चोळता रस्त्यावरच्या माणसांशी बोलणं चालूच. चांगुणा म्हणजे आमच्या आळीचा जकातनाकाच होती. ओट्यावर सुपात वाल निवडत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सोडायची नाही. "कुटं निगालास रं?" "पिशवीत काय हाय गं?" "चौकच्या बाजाराला गेलीस तर माझी तपकीर आन, आनि उशीर करू नको, तुझा नवरा मगाच येऊन गेलाय." लोधिवलीला कुणाची मुलगी दिली, ती माहेरी का आली, परत कधी जाणार, हे त्या मुलीच्या आईच्या आधी चांगुणाला माहीत असायचं. माझं आणि तिचं पटायचं असं नाही. माझ्या दोन गोष्टी तिनं आळीभर केल्या होत्या. पण संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसल्याशिवाय मला जेवण जात नव्हतं.

तर हा पाइपांचा शिंपी. यानं स्वतःच्या घरावर उघडा पत्रा घातला.

आधी त्यांचं घर आमच्यासारखंच कौलारू होतं. कौलांखाली माळा, माळ्यावर भात आणि पेंढा. खालच्या खोलीत भर वैशाखात दुपारी अंगावर पातळ घ्यावं लागे. मग शेतजमीन शहरातल्या बंगलेवाल्यांना विकली गेली. त्यांचीच नाही, आमचीही गेली. भात लावायचं थांबलं तसा माळा रिकामा पडला आणि त्यात उंदीर झाले. वर वानरं कौलं फोडायची. पावसाळ्याआधी घर शाकारायचं म्हटलं तर कौलांवर चढणारा माणूस मिळेना. तेव्हा भावजींनी माळा पाडला, कौलं उतरवली, मातीच्या भिंती काढून सिमेंटच्या विटा लावल्या आणि वर निळा पत्रा घातला. आळीत पेढे वाटले. पक्कं घर झालं.

पहिल्याच वैशाखात चांगुणा पदरानं वारा घेत म्हणाली, "अवो, ह्यो तर तवा झाला."

मी ओट्यावरच होते. मी म्हटलं, "व्वा भावजी! पायपाला गोधडी आनि बायकोला पत्रा."

तेव्हा सगळे हसले. तेही हसले, चांगुणाही हसली.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी चांगुणाला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तोंडातून नुसता ऊं ऊं असा आवाज यायचा. ज्या बाईचं तोंड दिवसभर बंद नव्हतं तिचं हे असं झालं. देवाला दोष देण्यात अर्थ नाही, तो काही आमच्या आळीत राहत नाही. डॉक्टरांनी भावजींना सांगितलं, उन्हाळ्यात हिला जपा. हिच्या अंगाला आता ताप सोसायचा नाही. पुन्हा झटका आला तर ही उठणार नाही.

आणि त्या वैशाखात तसंच झालं. पत्र्याखाली दुपारी ती बेशुद्ध पडली. चौकच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावली तेव्हा डोळे उघडले. तिला परत आणली त्या दिवशी भावजी अंगणात उभे राहून पत्र्याकडे बघत होते. मला म्हणाले, "वयनी, तुमी बोललात ते खरं हाय. हिला म्या तव्यावर ठेवलीय." त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. हिचा पुढचा वैशाख निघाला पाहिजे, एवढं एकच.

मुलगा विलास पनवेलला असतो. तो म्हणाला, "बाबा, एसी लावून देतो. काय डोक्याला ताप करून घेता?"

"पत्र्याखाली एसी?" भावजी म्हणाले. "भोकाच्या हंड्यात पानी भरायचं? आनि दुपारची लाइट जाते तवा काय, तू हातपंख्यानं वारा घालशील?"

"मग करा तुमच्या मनाचं."

"करतोच."

आधी त्यांनी पत्र्यावर चुना मारला. पांढऱ्यावर ऊन ठरत नाही म्हणाले. खोलीत येऊन उलटा हात वर धरला. "फरक हाय. पन थोडा." आठ दिवसांत वानरांनी पत्र्यावर नाचून निम्मा चुना उडवला.

मग त्यांनी भंगारवाल्याकडून जुना काचेचा कापूस आणला आणि पत्र्याच्या खाली तारेनं बांधला. वरून झाकायला पुरेसं काही मिळालं नाही, तरी म्हणाले चालेल. तीस वर्षं ज्यानं हेच काम केलं त्यानं ही चूक केली. पंखा लावला की कूस खाली पडायचं. चांगुणा अंथरुणावर. तिचा एकच हात चालणारा, त्या हातानं ती खाजवायची. उजव्या अंगाला खाज यायची पण लागलेलं कळत नव्हतं, म्हणून तिकडे रक्त येईपर्यंत खाजवायची. खोकला सुरू झाला. मी सकाळी पेज घेऊन गेले तर तिचा दंड सोललेला. मी भावजींना ओरडले, "डोळे फुटले का तुमचे? हा कापूस काय करतो ते तुमाला ठाऊक नाय? आयुष्यभर तुमचे कपडे धुतले तिनं."

ते खाली बसले. म्हणाले, "कारखान्यात पायपाला खाज येत नव्हती, वयनी."

त्याच सकाळी सगळा कापूस काढून गोणीत भरला, खोली चारदा पुसली, आणि चांगुणाला मी आणि त्यांनी मिळून आंघोळ घातली.

तो उन्हाळा ओल्या चादरींवर काढला. पावसाळ्यात काम थांबलं. नुसते आमच्या घरी येऊन मातीच्या भिंतीजवळ बसायचे, वर बघायचे, माळ्याचे बांबू मोजायचे. एक दिवस म्हणाले, "आपल्या बापजाद्यांनी लॅगिंगच केलं होतं, वयनी. वर्षाचा पेंढा माळ्यावर ठेवला का झालं. आपल्याला वाटायचं बैलांसाठी हाय. घरावरची गोधडी होती ती. शेत गेलं तशी गोधडी गेली. आनि म्या शहाना, तीस वर्षं दुसऱ्याच्या पायपांना पांघरून घातलं आनि माझ्या घरावरचं काढून उंदरांच्या नावावर फेकलं."

दिवाळी झाल्यावर काम सुरू झालं. पेंढा मिळवायचा तर गावात कुणी भात लावत नव्हतं. ज्या गावात घराघरापुढे पेंढ्याच्या उडव्या असायच्या तिथं मूठभर पेंढा नाही. शेवटी कोंडाणे गावाच्या बाजूला कुठं तरी मिळाला, तो टेंपोत घालून आणला. टेंपो आळीत शिरला तर बायका दारात आल्या. "काय हिराजीकाका, म्हातारपनी म्हस घेतली काय?"

"घेतली. तुज्यावानीच हाय, नुसती तोंड हलवती," भावजी म्हणाले. त्या दिवसांत त्यांची जीभ चालत होती.

कुडाची भिंत करणारा माणूस वाडीवर एकच उरला होता, तोही म्हातारा. त्यानं कारवीच्या काठ्यांचा कुड विणून दिला. सिमेंटच्या भिंतीच्या आत चार बोटं जागा सोडून तो उभा केला. वर बांबू, त्यावर चटई, त्यावर शेणमाती, मग हातभर पेंढा आणि मग पत्रा. माती तुडवायला मी गेले होते. गुडघे दुखत होते तरी गेले. चांगुणा ओट्यावर खाटेवर असायची, आमच्याकडे बघत. येणारे-जाणारे थांबायचे, तिला हाक मारायचे. ती ऊं ऊं करायची. तेच दिवस बरे होते असं मला आता वाटतं. काम पुरं झालं नव्हतं तोवर.

होळीपर्यंत खोली तयार झाली. पश्चिमेची खिडकी त्यांनी लिंपून बंद केली, तिकडूनच ऊन शिरतं म्हणून. दाराला आतून गोणपाट ठोकलं. दाराखाली दोन बोटं फट होती, तिथं गोणपाटाची पट्टी खिळ्यांनी बसवली. मग मला आत बोलावलं. मी उन्हातून आत गेले. खोटं कशाला सांगू, विहिरीच्या आतल्या पायरीवर उभं राहिल्यासारखं वाटलं. भावजींनी भिंतीला उलटा हात लावला आणि माझा हात धरून माझाही लावला. आमच्या वयात असं कुणी धरत नाही. त्यांच्या लक्षातच आलं नाही. "बघा, बघा वयनी," एवढंच म्हणत होते. मग त्यांनी चांगुणाला उचलून आत नेलं.

लोक बघायला आले. हात लावून गेले. "आयला, गार हाय रं," म्हणाले. कुणी केलं मात्र नाही. इतका खटाटोप कोण करतो? त्याच महिन्यात आळीत आणखी दोन घरांवर पत्रा चढला.

बायका पहिले काही दिवस चांगुणाला भेटायला आत जात. पण आत अंधार. आणि आत पाऊल टाकलं की भावजींचं सुरू, "दार लावा. दार लावा आधी." दार जरा उघडं राहिलं की ते उठून लावायचे. अंधारात, जिला बोलता येत नाही अशा बाईशी किती वेळ बोलणार? बायका यायच्या थांबल्या. मीही कमी केलं. आधी रोज जायचे, मग एक दिवसाआड, मग पेज दारातून भावजींच्या हातात द्यायला लागले. मला गुडघ्याचं निमित्त होतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला त्या खोलीत गुदमरायचं.

जेव्हा जायचे तेव्हा चांगुणा डावा हात उचलून दाराकडे करायची. एकदा नाही, दरवेळी. भावजींना वाटायचं तिला वारा हवा. ते पंख्याचं तोंड तिच्याकडे फिरवायचे. तिनं परत हात केला की पाणी द्यायचे.

मी एक दिवस सांगितलं, "भावजी, तिला ओट्यावर जायचंय. सकाळी न्या घटकाभर. नवापर्यंत तर ऊन नसतं."

"नाय वयनी. तुमाला नाय समजायचं. पाइप तापवला, गार केला, परत तापवला का चीर जाते त्याला. एकसारका ठेवायचा असतो."

"ती पाइप हाय काय?"

"चाळीसच्या वर चाललंय भायेर. डाक्टर काय बोलला ऐकलंत ना? एवडा वैशाख निघू दे. पाऊस पडला का म्या सोता तिला ओट्यावर ठेवीन. मग बसू दे दिवसभर."

मी आणखी बोलायला हवं होतं. मला कुणी गप्प करू शकत नाही अशी माझी ख्याती आहे. पण खोली गार होती, तिचा ताप गेला होता, खोकला गेला होता. त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी होतं. माझ्याकडे नुसता तिचा हात होता. मी घरी गेले.

वैशाख निम्मा झाला होता. दुपारी भावजी चौकला गेले, वरच्या एका कोपऱ्यात लावायला थर्माकोल आणायचा होता म्हणून. तिथून ऊन आत येतं असं त्यांना वाटत होतं. तासाभरात परत आले आणि मला हाक मारली. "वयनी, दार उघडंना."

मला वाटलं, फुगलं असेल. आम्ही दोघांनी खांदा लावला. दार आत उघडणारं, आणि आतून काहीतरी टेकलेलं. हळूहळू ढकलून एक माणूस जाईल एवढी जागा केली. चांगुणा दाराशी पडली होती. खाटेवरून खाली पडून, एका हातावर आणि एका पायावर तेवढी खोली तिनं ओलांडली होती. अंगाखालचं लुगडं मातीनं भरलं होतं. दाराखालची गोणपाटाची पट्टी तिनं उपटून काढली होती. खिळ्यानं बोटं फाटली होती. पट्टी तिच्या हातातच होती. तोंड फटीकडे होतं. त्या दोन बोटांच्या फटीतून रस्ता दिसतो का, हे मी नंतर जमिनीवर गाल टेकून पाहिलं. रस्ता दिसत नाही. ओट्याची कड दिसते, आणि कुणी आलं तर त्याचे पाय दिसतात.

भावजींनी तिच्या कपाळाला हात लावला नाही. आधी भिंतीला लावला. उलटा. मग जमिनीला लावला. म्हणाले, "खोली गार हाय." मग परत म्हणाले, "खोली गार हाय, वयनी." मला त्यांचा खरा राग आला तो तेव्हा, एकदाच. मी त्यांना बाजूला सारून तिचे डोळे मिटले आणि दार पूर्ण उघडलं.

तेराव्यानंतर ते माझ्याकडे आले. ओट्यावर बसले, भिंतीला हात न लावता. मग विचारलं, "तुमी खरं बोलता म्हनून इचारतो. म्या काय कमी केलं?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, तुम्ही काही कमी केलं नाहीत, तिची वेळ आली होती. मला तसं येत नाही. मी म्हटलं, "कमी नाय केलं, भावजी. जास्त केलं. तिला दार पायजे होतं. आमी बाया पन दारातनं परत फिरलो, ते आमचं. पन दार तुमी लावलंत."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "पायपाला दार नसतं." आणि उठून गेले.

ते त्या खोलीत परत झोपले नाहीत. ओट्यावर, पत्र्याच्या पुढच्या उघड्या भागाखाली, चांगुणाच्या जागी खाट टाकून दिवसभर पडून राहायचे. भर दुपारी सुद्धा. मी सांगितलं आत जा, विलासनं सांगितलं. ऐकायचे आणि तिथंच राहायचे. रस्त्यानं कोण गेलं तरी विचारायचे नाहीत. तो विचारण्याचा गुण त्यांच्यात नव्हताच. नुसतं बघायचे. पुढच्या वैशाखात एक दिवस दुपारी मी पेज घेऊन गेले तर पडलेले होते. मी हात लावला. पत्र्यासारखे तापले होते. दवाखान्यात नेईपर्यंत संपले.

विलासनं गेल्या दिवाळीत घर पाडलं. स्लॅब टाकायचा आहे म्हणाला. कुड, बांबू, पेंढा सगळं एका सकाळी खाली आलं. पेंढा अजून चांगला होता, सोनेरी. मोकाट गुरांनी दोन दिवसांत खाल्ला. गार खोली म्हणून काही होतं हे आता माझ्याशिवाय कुणाला आठवत असेल असं वाटत नाही, आणि मला आठवून तरी काय होणार आहे?

आमच्याही कौलांचा आता काही भरवसा नाही. वानरं आहेतच, शाकारणारा नाही. माझा मुलगा पत्रा घालतो म्हणतो. मी त्याला सगळं सांगितलं, पेंढ्याचं, माळ्याचं, चार बोटांच्या जागेचं. तो म्हणाला, "आये, कोन करनार ते? आनि पेंढा कुटला आनू?" त्याचंही खोटं नाही. येत्या शिमग्यानंतर पत्रा येईल. मातीची भिंत पण जाईल, कारण पत्रा वाऱ्यात धरून ठेवायला लोखंडी खांब लागतात, ते भिंतीत बसत नाहीत. भावजींनी जी पाडू नका म्हणून सांगितलं होतं तीच ही भिंत.

मी मुलाला एकच अट घातली आहे. मी अंथरुणाला लागले की माझी खाट ओट्यावर टाकायची. तापलं तर तापू दे. दार लावायचं नाही.